लाकडाचे हात

माझ्या बाबांना मी दोनदा जागेवरून हलवलं. आधी बसलेल्या माणसाला उभं केलं आणि मग उभ्या माणसाला बसवलं. दोन्ही वेळा त्यांच्या भल्यासाठीच केलं असं मी चार लोकांना सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं. यात माझा गुन्हा नेमका कुठला, ते मी पुष्कळ शोधलं. सापडला असता तर बरं झालं असतं. माणूस कबूल करतो, कान धरतो, मोकळा होतो. मला तो कधी धड सापडला नाही, आणि अपराधी वाटायचं काही थांबलं नाही.

आम्ही सुतार. मालवणचा बाजार सकाळी चालत जाऊन दुपारच्या जेवणाला परत येता येईल एवढ्या अंतरावर आमचं घर होतं. पुढे खळं, म्हणजे अंगण, मग पडवी, आणि पडवी म्हणजेच आमचा कारखाना. गावात बाबांना सगळे ‘मेस्त’ म्हणत. मी तिशी ओलांडली तरी ‘मेस्ताचो झील’, मेस्ताचा मुलगाच होतो आणि त्याचं मला वाईट वाटत नसे. गणपतीवर टांगायच्या माटवीपासून होडीच्या वल्ह्यापर्यंत गावातलं निम्मं लाकूड त्यांच्या हाताखालून गेलेलं होतं.

बाबा जमिनीवर बसून काम करत. एक पाय लांब सोडायचा, दुसऱ्या पायाच्या अंगठ्याखाली फळी दाबायची आणि करवत चालवायची. वासा कितीही लांब असो, तो सारवलेल्या जमिनीवर निवांत पडलेला असायचा. त्याचं दुसरं टोक कुणी धरायची गरज नसे, ते जमीन धरायची. ही साधी गोष्ट माझ्या लक्षात आली ती फार उशिरा.

मी काही वर्षं मुंबईला एका फर्निचरच्या कारखान्यात काम केलं. तिथे उभं राहून काम करायची सवय लागली. पन्नासचं दशक सरत आलं असेल, तेव्हा आईचा निरोप आला की बाबांचा उजवा हात थरथर कापायला लागलाय आणि डोळ्यांवर सारा येऊन दिसेनासं होतंय. मी परत आलो. येताना हत्यारं आणली आणि डोक्यात कंबरेएवढ्या उंचीचा बाक आणला. आल्या आल्या तो पडवीत ठोकला. बाबा भिंतीला टेकून बघत होते. म्हणाले, “उभ्यान काम करतलंस? बरा आसा. पाठ तरी रवात तुझी.”

त्या सुमारास मुंबईला नोकरी करणारे चाकरमानी गावची घरं दुरुस्त करायला लागले होते. त्यांना काचेच्या खिडक्या हव्या असत, आणि काचेभोवतीच्या पट्ट्यांचे कोपरे एकमेकांवर चढलेले नकोत, तिरके कापून एकमेकांना भिडलेले हवेत. तशा कापासाठी आमच्याकडे साचा होता. साचा म्हणजे तीन फळ्यांची उघडी पन्हळ. तिच्या दोन्ही भिंतींना तिरक्या खाचा असतात. पट्टी पन्हळीत ठेवायची, करवत खाचेत घालायची, काप आपोआप कोनात येतो. आपोआप येतो, पण एका अटीवर. पट्टी साच्याच्या तळाला सपाट टेकलेली पाहिजे. लांब पट्टीचं टोक बाकाच्या बाहेर लोंबायला लागलं की ती तळावरून उचलली जाते, आणि मग काप बिघडतो.

म्हणजे टोक धरायला कुणीतरी हवं. आणि घरात रिकामं कोण होतं? बाबा.

त्यांनाही काम मिळेल, असं म्हणत मी त्यांना उभं केलं. जन्मभर बसून काम केलेला माणूस साठी उलटल्यावर दिवसभर बाकाशेजारी उभा राहायला लागला, पट्टीच्या टोकाखाली तळवा धरून. त्यांनी कधी कुरकुर केली नाही. उलट सकाळी माझ्या आधी येऊन ते आपल्या जागी उभे असत. त्यांच्या पायाखालच्या सारवणाला पावलांचे दोन खळगे पडले होते. कुणी खळ्यातून विचारलं, “मेस्तानु, काय चल्लाहा?” की ते म्हणत, “काम चल्लाहा मरे, आणि काय?” ‘काम’ हा शब्द ते जरा मोठ्याने उच्चारायचे.

अडचण एवढीच होती की त्यांचा हात कापायचा. तळवा थरथरला की पट्टी थरथरे, आणि खिडकीच्या कोपऱ्यात नखभर फट राही. मी ती सरस आणि भुसा घालून बुजवायचो. बाबा तयार चौकटीवरून अंगठा फिरवायचे. डोळ्यांना दिसत नसलं तरी बुजवलेली जागा त्यांच्या अंगठ्याला कळायची. अंगठा तिथे थांबायचा आणि मग पुढे जायचा.

मी स्वभावाने तापट. फट दिसली की माझं डोकं फिरायचं. बाबांना मी शब्दाने काही बोललो नाही, पण करवत बाकावर आपटायचो, सुस्कारे टाकायचो. नाचता येईना अंगण वाकडं, अशातला प्रकार, कारण अर्ध्या फटी माझ्या घाईच्या होत्या. पण माझ्या फटीही त्यांना आपल्याच वाटायच्या. माझा सुस्कारा ऐकला की ते दुसरा हात पहिल्याखाली धरायचे.

मग त्यांच्या पायांना सूज यायला लागली. संध्याकाळी बोटाने दाबलं तर खळगा तसाच राहायचा. वैद्य म्हणाला, उभं राहणं बंद करा. मला त्या वाक्याने केवढं हलकं वाटलं! बाबांच्या पायांसाठी मला वाईट वाटलं ते खरंच, पण त्या वाईट वाटण्याच्या मागे दुसरं कुणीतरी हुश्श म्हणालं, तेही खरंच. तो हुश्श म्हणणारा मीच होतो.

त्याच संध्याकाळी मी पडवीच्या भिंतीवर कोळशाने बाकाचं चित्र काढलं आणि त्याला दोन्ही बाजूंनी दोन हात काढले. लाकडाचे. बाकाच्या उंचीचे, बाहेर पसरलेले, खालून तिरके टेकू दिलेले. पट्टी केवढीही लांब असो, ती या हातांवर पडून राहील आणि माणूस लागणार नाही.

आई कंदिलाची काच पुसत होती. तिने चित्राकडे बघितलं. म्हणाली, “लाकडाचे हात करतलंस? आणि ह्येंचे हात मग खंय ठेवतलंस?”

मी म्हटलं, “आये, पाय सुजले तेंचे. तुका दिसना नाय?”

“पाय दिसतत माका,” ती म्हणाली आणि काच पुसत राहिली.

मी तिचं बोलणं मनावर घेतलं नाही. खरं म्हणजे घेतलं, आणि म्हणूनच दुसऱ्या दिवशी मी बाबांनाच मदतीला बोलावलं. वाटलं, त्यांना यात घेतलं की ते त्यांचंही काम होईल.

आणि मग जे दिवस गेले तसे आम्हा दोघांत ना आधी गेले होते ना नंतर गेले. बाबा चित्राला नाक लावून उभे राहिले आणि हसायलाच लागले. मी हातांची उंची बाकाबरोबर काढली होती. “अरे शाण्या, पट्टी बाकार बसता की साच्यात? साच्याक तळाची फळी आसा मा? तेच्या जाडीएवढी पट्टी वर येतली, आणि तुझे हात रवतले खाली.” बरोबरच होतं. हात बाकाला नव्हे, साच्याच्या तळाला जुळायला हवे होते. मी पुसून पुन्हा काढलं. त्यांनी आणखी बजावलं, “चुकलंस तर कागदभर खाली चूक. वर चुका नको. वर गेलो तर पट्टी उचालतली.”

मग वाटेचा प्रश्न आला. उजवा हात पसरला की गोठ्याकडे जायची वाट बंद होई आणि डावा पसरला की खळ्याची पायरी. आई घागर घेऊन जाणार कुठून? हात काम नसताना खाली दुमडायला हवेत, हे बाबांनीच काढलं. मालवणच्या बाजारातून मी बिजागऱ्या आणल्या. हात वर उचलायचा, खालचा टेकू बाकाच्या पायातल्या खाचेत बसवायचा आणि आरपार भोकात लाकडी खुंटी मारायची. खुंटी काढली की हात निमूट खाली. उजवा हात लांब ठेवला, कारण लांब माल त्या बाजूने यायचा. बाबा उभे राहायचे तीही तीच बाजू होती.

शेवटची युक्तीही त्यांचीच. सारख्या लांबीच्या पट्ट्या कापताना ते काठीने माप धरून ‘हय काप’ म्हणून सांगायचे. आता त्यांनीच सुचवलं की हातावर सरकता ठोकळा बसवावा. पट्टी ठोकळ्याला भिडली की माप आलं. मोजायला नको, विचारायला नको. मी त्यांच्याकडे बघितलं. ते खूश होते. गालावर कोळसा लागला होता आणि हात कापत असूनही ते हवेत ठोकळा सरकवून दाखवत होते. मला तेव्हाच वाटलं, यांना कळत नाही का, हे काय करतायत ते? आणि त्यांना कळत नाही असं मी ठरवून टाकलं, कारण तेच मला सोयीचं होतं.

माळ्यावर फणसाची जुनी फळी होती. वाळून वाळून घंटेसारखी वाजणारी. बाबा ती कुणाला हात लावू देत नसत. हातांसाठी त्यांनी तीच खाली काढायला सांगितली.

दसऱ्याला बाक तयार झाला. त्या दिवशी आमच्याकडे हत्यारं चालवत नाहीत, पुजतात. करवती, रंधे, पटाशा, गुण्या धुऊनपुसून बाकावर मांडले. दोन्ही हात उचलून खुंट्या मारल्या आणि त्यांना झेंडूच्या माळा घातल्या. नारळ ठेवला. आणि बाबा गाऱ्हाणं घालायला उभे राहिले.

आमच्याकडे कुठलंही काम सुरू करताना घरातला मोठा माणूस देवाला गाऱ्हाणं घालतो. तो मोठ्याने एकेक मागणं मागतो आणि जमलेल्यांनी प्रत्येक मागण्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं असतं. लहानपणापासून इतक्या वेळा म्हटलेलं असतं की मागणं संपायच्या आत तोंडातून होकार निघतो. शब्द कानापर्यंत जातात, पुढे जातातच असं नाही. त्या सकाळी आम्ही तिघंच होतो.

बाबांनी हात जोडले. “बा देवा म्हाराजा! आज दसऱ्याच्या दिसाक ह्यो नवो बाक तुझ्या पायाकडे ठेयलो आसा...”

“व्हय म्हाराजा!” आम्ही म्हटलं.

“ह्या बाकार जा काय काम होतला, ता सरळ होवंदे. कोणाच्या बोटाक करवत लागूक नको.”

“व्हय म्हाराजा!”

“ह्या लेकरान बापाशीचे पाय दुखतत म्हणान लाकडाचे हात केले, तेका यश दी. तेचा नाव होवंदे.”

“व्हय म्हाराजा!”

“आणि आजपासून ह्या म्हाताऱ्याच्या हातांचा काम सरला. आता ते तुका जोडूक मोकळे झाले. तेंका पदरात घी रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

पडवीत माझा एकट्याचा आवाज घुमला. आई बोलली नव्हती. ती पदर तोंडाशी धरून बाबांकडे बघत होती. मी काय म्हणून बसलो ते मला तेव्हा कळलं. बाबांनी शांतपणे नारळ फोडला, खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि आपट्याचं पान दिलं. मी वाकून नमस्कार केला आणि बराच वेळ वर बघितलं नाही.

म्हणजे त्यांना सगळं कळत होतं. कोळशाच्या पहिल्या रेघेपासून. कळत असताना ते साच्याची उंची सांगत होते, ठोकळा सुचवत होते, माळ्यावरची फळी काढून देत होते.

बाक मात्र झकास चालला. फटी गेल्या. सरस-भुशाची वाटी कोपऱ्यात वाळून गेली. मला आसपासच्या गावांतून कामं यायला लागली आणि लोक मलाच ‘मेस्त’ म्हणायला लागले. पहिल्यांदा कुणीतरी खळ्यातून ‘ओ मेस्तानु’ अशी हाक मारली, तेव्हा आम्ही दोघांनीही माना वर केल्या. हाक मला होती. बाबांनी मान खाली घातली आणि हातातला खिळा सरळ करायला लागले. वाकडे खिळे ठोकून सरळ करायचे, हे काम त्यांनी स्वतःला लावून घेतलं होतं. तेही संपले की भुसा गोळा करायचे. तोही संपला की समुद्राकडे जाऊन यायचे. पायांची सूज उतरली होती. वैद्य खूश होता. सगळं माझ्या मनासारखं झालं होतं, आणि पडवीत त्यांच्या खळग्यांवर लाकडाचा हात पसरलेला दिसला की मला आपल्याच घरात चोरासारखं वाटायचं.

आईने दुसऱ्यांदा काही म्हटलं नाही. ती नवीन शेण कालवून पडवी सारवायची, तेव्हा ते दोन खळगे तेवढे भरायची नाही. मी एकदा विचारलं. म्हणाली, “रवांदेत. कोणाच्या आड येतत?”

पुढच्या पावसाळ्यानंतर एके सकाळी मी उजव्या हाताची खुंटी काढली आणि भिंतीवरच्या वाशाच्या बेचक्यात लपवून ठेवली. हात खाली दुमडला. मग एक लांब पट्टी साच्यात ठेवली. तिचं टोक लोंबायला लागलं. मी इकडेतिकडे शोधल्याचं सोंग केलं आणि हाक मारली, “बाबानु, खुंटी खंय गावना नाय. जरा धरतास?”

ते खिळे ठेवून उठले. धोतराला हात पुसले. येऊन आपल्या जागी उभे राहिले, बरोबर त्या दोन खळग्यांत, आणि तळवा पट्टीखाली घातला. चेहरा असा झाला की मला वाटलं, कशाला हवी ती खुंटी? जन्मभर सापडली नाही तरी चालेल. फटी तर फटी. काय बिघडतं?

मी काप घेतला. इतक्या जपून मी आयुष्यात करवत चालवली नसेन. दुसरी पट्टी लावली. त्यांनी दुसरा हात पहिल्याखाली घेतला, श्वास रोखून धरला. तोही काप झाला. मी दोन्ही पट्ट्या बाकावर कोनात भिडवल्या. मला फट दिसली. मी पट्कन त्यावर हात ठेवला आणि म्हटलं, “बरो बसलो, बाबानु.”

त्यांनी माझा हात बाजूला केला आणि सांध्यावरून अंगठा फिरवला. अंगठा थांबला. या वेळी तो पुढे गेला नाही.

मग त्यांनी धोतराच्या कनवटीत बोटं घातली आणि खुंटी काढली. मी बेचक्यात ठेवली होती तीच. मी ठेवताना त्यांनी बघितलं होतं, की वासे झटकताना त्यांच्या हाताला लागली होती, मला माहीत नाही. ती त्यांच्याजवळ होती आणि तरीही ते आले होते, उभे राहिले होते, दोन कापांपुरता श्वास धरून. जमतंय का, हे त्यांनाही बघायचं होतं.

त्यांनी लाकडाचा हात उचलला, टेकू खाचेत बसवला, खुंटी भोकात घातली. थरथरत्या हाताने मोगरी मारताना त्यांचा एक ठोका चुकला, मग दुसरा बसला.

“गाऱ्हाण्याक तू व्हय म्हटलंस,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. “देवाक दिलेलो शब्द मागे घेवचो नाय. काप.”

मी म्हटलं, “बाबानु, माका तेव्हा समाजलाच नाय...”

“माका समाजला होता मा? मग झाला. काप तू.”

ते जाऊन आपल्या खिळ्यांजवळ बसले. मी नव्या दोन पट्ट्या घेतल्या, ठोकळ्याला भिडवल्या आणि कापल्या. डोळे भरले होते, पण साचा होता, लाकडाचे हात होते, त्याला डोळे लागत नव्हते. पट्ट्या जोडून मी चौकटीचा कोपरा त्यांच्यापुढे नेऊन धरला. त्यांनी अंगठा फिरवला. तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कुठेही न थांबता गेला.

“आता बरो बसलो,” ते म्हणाले आणि पुढचा खिळा उचलला.